दोघांपैकी कोणाला

प्रिय ठकू,

फोनवर तू विचारलंस, दोघांपैकी कोणाला नेऊ, आणि मी हवापाण्याचं बोलत बसलो. रविवारी तू येणार, तेव्हा आता सांगायलाच हवं. दोघांना एकदम फिरवणं माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे.

दिसायला ते सख्खे भाऊच. शेजारच्या मास्तरीणबाई अजूनही शेपटी बघून ओळखतात. दोन्ही जाती मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या, पण तऱ्हा वेगळी. तुझ्या आईचा बॉर्डर कॉली, कारभारी, नजरेनं हाकतो. मान खाली घालून टक लावली की समोरचा आपोआप जागा सोडतो. माझा ऑस्ट्रेलियन शेफर्ड, भोपळ्या, अंगानं ढकलतो, पोटरीला हलकेच दात लावतो. आई म्हणायची, एक हेडमास्तर आणि दुसरा बसचा कंडक्टर.

मला धास्ती आहे ती तुझ्या धाकट्याची. तो सारखा पळतो, आणि पळत्या टाचा दिसल्या की भोपळ्याला राहवत नाही. चावणार नाही, पण पाडेल. कारभारी पाडणार नाही, मात्र त्याला काम लागतं. काम नसलं की सावल्यांच्या मागे लागतो, भिंतीचा रंग कुरतडतो. भोपळ्याला काम नको, माणूस हवं. मी आंघोळीला गेलो तरी दाराला पाठ लावून बसतो. त्याचं माणूस बदललं तर तो जेवेल का? काल मी त्यालाच पाठवायचं ठरवलं होतं. सकाळी उठलो आणि बेत मोडला.

एक गोष्ट फोनवर बोललो नाही. आई गेल्यापासून कारभारी माझं ऐकत नाही. ऐकत नाही म्हणजे हट्ट नाही गं. तिनं त्याला शिट्टीवर शिकवलंय, एक लांब, मग दोन तोकड्या. माझ्या कवळीतून नुसती हवा येते. मैदानात मोकळा सोडला की तो पार टोकाला जाऊन उभा राहतो. मी नावानं हाका मारतो, तो माझ्याकडे बघतो आणि पुन्हा मान वळवतो. गेल्या आठवड्यात तसाच रस्त्यावर गेला. ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला, मला चार शिव्या घातल्या, म्हणाला, "काका, सांभाळता येत नाही तर पाळता कशाला?" तेव्हापासून त्याचा पट्टा सोडलेला नाही. तो घरात येरझाऱ्या घालतो, आणि त्याच्या मागे मी.

तुझी शिट्टी हुबेहूब आईसारखी आहे. म्हणून तू कारभारीला ने. रोज शिट्टीवर भरपूर पळव, म्हणजे धाकट्यावर डोळे रोखून बसणार नाही. भोपळ्या आणि मी एकमेकांना पुरून उरू. हे पत्र लिहायचं कारण एवढंच, की आलीस की फाटकापाशी शिट्टी घालू नकोस. आधी आत ये, चहा घे, माझ्याजवळ जरा बस. मी सांगेन तेव्हा घाल. कारभारी तर धावत सुटेलच. माझं काय होईल, ते मला आत्ता सांगता येत नाही.

तुझाच,
बाबा