ड्रमंडसाहेबांचं झाड आणि आमचं

मंगळ., २ फेब्रुवारी १९५४

रामभाऊ नाही म्हणून गेले. चहाला हात लावला नाही. "मास्तर, पोरगी लाखात एक हाय. पन तुमी जाधव, आमी जाधव. भाऊ-भनीचं लगीन लावू व्हय?" दत्तू बापाच्या मागं मान खाली घालून उभा. पिंपरीच्या नव्या कारखान्यात बॉयलरवर सरसर चढणारा फिटर, आमच्या उंबऱ्याला अडखळला.

विमल आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. थोरले बंधू गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून माझीच मुलगी. रात्री जेवताना मला आग्रहानं भाकरी वाढली. ओरडली असती तर बरं.

ते साताऱ्याकडचे, आम्ही मूळचे मोशीचे. मधे सत्तर मैल. नातं कुणालाच दाखवता येत नाही, आडनाव तेवढं एक. कायद्याची आता हरकत नाही, पण रामभाऊंना कायदा सांगायची हिंमत झाली नाही. की मलाही आत कुठेतरी तसंच वाटतं? बी.ए. होऊन वीस वर्षं झाली. उत्तर लिहीत नाही.

शुक्र., ५ फेब्रु.

ड्र.सा. शिकवणीला आले. (बॉयलर बसवायला स्कॉटलंडहून आलेत, दत्तू त्यांच्याच हाताखाली, मंगळवारी-शुक्रवारी माझ्याकडे मराठी.) आल्या आल्या: "मास्तर, माझा दत्तू रडका तोंड. काय भानगड?" 'भानगड' शब्द मी गेल्या आठवड्यात शिकवला, सारखा वापरतात.

सांगितलं. हसतील वाटलं. हसले नाहीत. म्हणाले, एक आडनाव म्हणजे एक रक्त, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मीच ड्रमंड नाही!

मग पुढचा तास व्याकरण बाजूलाच. ड्रमंड हे नाव जागेवरून पडलेलं, डोंगराच्या धारेवरून, आपल्या 'कर'सारखं. पण यांचे पूर्वज मुळात मॅकग्रेगर, म्हणजे ग्रेगरचे पुत्र. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका लढाईनंतर राजानं ते नावच बंद केलं. नाव लावील त्याला मरण! मग कोणी या सरदाराच्या आसऱ्याला गेलं, कोणी त्या; ज्याचा आसरा त्याचं आडनाव. बंदी उठायला दीडशे वर्षांहून जास्त गेली. तोवर पुष्कळांना नवं नाव अंगवळणी पडलेलं. यांचं घर ड्रमंडच राहिलं.

मी विचारलं, मग तुम्ही मॅकग्रेगर हे कशावरून? साहेब घड्याळ बघून उठले. "मंगळवारी पुस्तक आणीन." चार दिवस! मुलांना आज गणितात चुकीचं उत्तर फळ्यावर लिहून दिलं, त्यांनीच दाखवलं.

मंगळ., ९ फेब्रु.

हे सावकाश लिहायला हवं आणि सावकाश लिहवत नाही.

पुस्तक लहान, साहेबांच्या आईचं, पाठीला दोरा घातलेलं. स्कॉटलंडच्या एकेका कुळाचं नाव, आणि प्रत्येकापुढे एक झाड. ड्रमंडांचं हॉली, काटेरी पानांचं, लाल फळांचं. मॅकग्रेगरांचं पाइन, म्हणजे आपल्या देवदाराच्या भावकीतलं. लढाईला आणि समारंभाला त्या झाडाची डहाळी टोपीत खोवायची. साहेबांच्या घरी बाहेर सगळं ड्रमंडांचं, पण लग्न असलं की आजी नवऱ्या मुलाच्या टोपीत पाइन खोवायची. का, ते कोणी विचारायचं नाही. नाव बदललं, झाड बदललं नाही!

पानांच्या मधे वाळलेली काडी होती. साहेबांच्या बापाच्या लग्नातली.

मी उभाच राहिलो. "साहेब, हे देवक!" मग देवक समजावता समजावता घाम फुटला. लग्नात मांडवाच्या खांबाला बांधतात ते कुळाचं झाड किंवा पीस. ज्यांचं देवक एक ते भाऊ, त्यांच्यात सोयरीक नाही. आणि देवक वेगळं असेल तर? आडनाव एक असलं तरी? असे जाधव-जाधव व्याही पाहिलेत मी! मला आठवडाभर का सुचलं नाही?

साहेबांनी विचारलं, "मास्तर, तुमचा झाड कोण?"

मी आमच्या घरची लग्नं आठवू लागलो. आम्हा दोघा भावांची लग्नं पुण्यात झाली. भटजींनी पंचपल्लव बांधलं.

रवि., १४ फेब्रु.

पिंपरीला रामभाऊंच्या खोलीवर. मॅकग्रेगरांची गोष्ट रंगवून सांगितली. म्हातारा तंबाखू मळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सायबाच्या टोपीतल्या झाडाचं मला काय करायचंय? आमचं कळंब. तुमचं सांगा."

"पंचपल्लव."

"पाच पानं म्हंजे भटजीची सोय, मास्तर. ज्याला ठावं न्हाई त्याचं पंचपल्लव. तुमच्या बापाचं काय हुतं?" मग जरा मऊ झाले. "कळंब सोडून कायबी काढा, म्या उद्या सुपारी फोडतो. पन पुरावा पायजे. तोंडचं नको."

दत्तू सायकलपर्यंत पोहोचवायला आला. "सर, काही निघेल का हो?" निघेल म्हणालो. कोणत्या आधारावर?

घरी आल्यावर विमलनं फक्त एवढं विचारलं, "कळंब आपल्या नदीवर आहे ना?"

सोम., १५ फेब्रु.

काल एक गोष्ट लिहायची टाळली. लिहितो.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मोशीच्या घराला नवं दार करायचं होतं. सुतारानं चांगली रुंद फळी आणली. वडिलांनी हात फिरवला, वास घेतला, आणि परत पाठवली. "कळंब आमच्या घरात न्हाई चालत." देवकाचं झाड कोणी तोडत नाही, जाळत नाही, वापरत नाही. म्हणजे आमचंही कळंबच. म्हणजे संपलं.

हे रामभाऊंना सांगायला मी बांधलेला आहे का? त्यांनी विचारलं, देवक काय. फळीचं विचारलं नाही. ही वकिली मला शोभत नाही. पण उत्साह इतका की तो पुरावाच खोटा पाडावासा वाटतो. सत्य शोधतोय की विमलचं लग्न? दोन्ही एकच निघावं म्हणून धडपडतोय, असं लिहितो.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "तळवड्याच्या तान्हाआत्यांना विचारा ना. मोशीच्या मांडवातून गेलेली शेवटची मुलगी त्याच." वीस वर्षं संसार, तरी हिला आधी न विचारण्याची खोड गेली नाही.

शुक्र., १९ फेब्रु.

ड्र.सा.ना फळीचं सांगितलं. पाइप साफ करायला घेतला. म्हणाले, "मास्तर, एक मी सांगितला नाही. बापाचा चुलत भाऊ. त्याच्या घरी हॉली. नावाबरोबर झाडही घेतला." म्हणजे एकाच रक्ताच्या दोन घरांत एकानं जुनं झाड ठेवलं, एकानं आसऱ्याचं घेतलं. आणि कोण खरं? "दोन्ही खरा. पण आजी माझी."

हे आधी सांगायला हवं होतं, असं म्हणालो. तर म्हणे, तुम्ही फार खूश होता.

रवि., २१ फेब्रु.

सायकलवरून तळवडे. निगडीच्या पुढे चाक पंक्चर, उरलेलं चालत. तान्हाआत्या ओसरीवर शेंगा फोडत होत्या. ऐंशीच्या पुढे, नजर माझ्याहून चांगली. विमलचं, रामभाऊंच्या अटीचं सगळं सांगितलं.

"आता आठवलं व्हय रं? लगीन पुन्यात, भटाच्या हातानं. बापाला म्हनलं हुतं म्या, दादा, मांडव आपल्या दारात घाल."

फळीचं विचारलं. हसल्या. "आरं, मोशीत जाधवांच्यात राहून कळंब दारात बसवला असता तर त्यांनी काय म्हनलं असतं? आपला आजा वरल्या अंगानं आला, दुष्काळात. जाधव पाटलांनी जागा दिली, नाव दिलं. त्यांचं झाड, मग त्याला आपुनबी हात लावायचा न्हाई. मान राखायचा."

मॅकग्रेगर! इथं, इंद्रायणीच्या काठी! मी उठून त्यांच्या पाया पडलो. "असं काय करतो, शेंगा सांडल्या."

"मग आपलं आडनाव काय होतं?"

"त्ये आजाबरूबर गेलं. त्यानं सांगितलं न्हाई, आमी इचारलं न्हाई."

"आणि देवक? तुमच्या लग्नात खांबाला काय बांधलं?"

आत्या आत गेल्या. खूप वेळ पेटी उचकल्याचा आवाज येत होता. बाहेर आल्या तेव्हा हातात खणाची पुरचुंडी, चारी बाजूंनी शिवलेली, टाके ताजे. "माझ्या मांडवातलं. जपलं हुतं. हे त्या म्हाताऱ्याम्होरं सोड."

"पण आहे काय? कळंब नाही ना?"

"मी तुला सांगितलं आन् तू त्याला सांगितलंस, तर तोंडचंच झालं की. आदुगर सोडलंस तर म्हनल, मास्तरानं बदललं. टाके मोजून हायेत. एकवीस."

विचारलं, पाटलांचा मान राखायचा म्हणून आजानं मांडवातही कळंबच बांधलं असेल, तर? आत्या शेंगा गोळा करत राहिल्या. "आसंल, नसंल."

परत येताना सायकल हातात, पुरचुंडी सदऱ्याच्या आत. चार मैल अंतर कसं गेलं कळलं नाही.

सोम., २२ फेब्रु.

शाळेत मन नाही. पुरचुंडी देव्हाऱ्यात. दत्तूकडून निरोप: रामभाऊ उद्या सकाळी येतात. साहेबही येणार, रजा काढून, पाइनची काडी घेऊन. "मी साक्षीदार."

दुपारी हात लावून पाहिला. हलकी. पान असेल, पीसही असेल. वास घेतला. (वास घेणं म्हणजे सोडणं का? नाही असं ठरवलं, तरी लिहून ठेवतो.) हळदीचा वास. हळद तर सगळ्याला लागते. पण हळद हेही काही कुळांचं देवक असतं! पुन्हा वास घेतला. ही मागे उभी होती. "पुरे. झिजेल."

विमलला म्हणालो, कळंब निघालं तर? म्हणाली, "मग काका, आपलं खरं आडनाव कुठलं, ते तरी शोधत राहा. मला सांगायला." हसत म्हणाली.

मंगळ., २३ फेब्रु., सकाळ

टाके पुन्हा मोजले. एकवीस.

विमलनं कात्री आणून पाटावर ठेवली आणि आत गेली नाही. तिथंच बसली. मीही जा म्हणालो नाही.

बाहेर सायकली टेकवल्याचा आवाज. साहेब कुणाला तरी म्हणतायत, "चला, भानगड बघू." रामभाऊंचा खोकला.

लिहिणं थांबवतो.