चार नंबरखालची बाकं

प्रिय साकाए,

सेंदाईला एव्हाना चांगलीच थंडी पडली असेल. तुझा गुडघा काय म्हणतो? बहिणीशी रोज एकदा तरी वाजतंय ना? वाजत असेल तर तुझी तब्येत ठणठणीत आहे असं मी समजते. माझं बरं चाललंय. चौथा मजला मात्र दरवर्षी थोडा उंच होत चाललाय.

गेल्या रविवारी आपल्या वसाहतीची सभा झाली. तू म्हणशील, त्यात नवल ते काय? अध्यक्ष कुराता-सान बोलणार आणि आपण सात-आठ म्हाताऱ्या बार्लीचा चहा पिऊन घरी येणार. पण या वेळी खुर्च्या पुरल्या नाहीत. झालं असं, की वसंतात गवत काढायला आम्ही नऊ जण जमलो आणि त्यातले चार जण वाकूच शकत नव्हते. कुराता-सान विळा टाकून मटकन खाली बसले आणि म्हणाले, "तीस वर्षं मी या लोकांना नियम वाचून दाखवतोय. तुम्हाला काय हवंय, असं एकदाही विचारलं नाही." मग त्यांनी पाच भाषांत चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि घरोघर टाकल्या. ही जागा राहायला अजून चांगली व्हावी म्हणून काय करावं? तुमच्या गावाकडे काय करतात? एवढे दोनच प्रश्न.

सत्तर माणसं आली गं! फिलिपिन्सच्या एका बाईनं सांगितलं, कचऱ्याच्या नियमांच्या पाटीवरचं जपानी वाचायला तिला तीन वर्षं लागली, तेव्हा अक्षरांऐवजी चित्रं काढा. कुराता-सान म्हणाले, "मलाही चष्म्याशिवाय ती वाचता येत नाही." सगळे हसले आणि मग लोकांची तोंडं उघडली. कुणाला मुळा-भाजी लावायला जमिनीचा तुकडा हवा होता, कुणाला जिन्यात दिवा.

मग थुई उठली. ती तुझ्यानंतर आली, माझ्या समोरच्या दारात राहते. व्हिएतनामची आहे, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात जाते, कडेवर कायम एक पोर. ती म्हणाली, "समोरच्या आजी बाजारातून आल्या की तिसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसतात. मी दिसले की बुटाचा बंद बांधल्यासारखं करतात. त्यांच्या बुटाला बंदच नाहीत. आमच्या गावात म्हातारं माणूस वाटेत थांबलं, की जवळच्या घरातून खुर्ची येते. इथं जिन्यात एकेक स्टूल ठेवू या." मी लाजेनं मान वर केली नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही.

तेवढ्यात मागून वाग्नेरचा आवाज आला. वाग्नेरला तू कशी विसरशील! तोच तो ब्राझीलचा, ज्याच्या मांस भाजण्याच्या धुरावरून तू खिडकीतून ओरडायचीस, "माझ्या चादरींना आता मीठ लावून खा!" आणि तो खालून म्हणायचा, "लिंबूही आणतो, आजी!" त्याचे केस आता पार पांढरे झालेत. तो म्हणाला, "जिन्यात स्टूल ठेवाच. पण खाली आपली तीन बाकं होती. दमलेलं माणूस आधी तिथं टेकायचं. ती परत आणा." ती बाकं का गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं.

सहा वर्षांपूर्वी वसाहतीच्या कचेरीत निनावी पत्र गेलं, की परदेशी लोक रोज संध्याकाळी चार नंबरच्या इमारतीखाली बसून गोंगाट करतात, घाण करतात, बाकं काढून टाका. दोन आठवड्यांत बाकं गेली. तुझी खिडकी त्यांच्यासमोर, तुझी भांडणं सगळ्यांनी ऐकलेली. तुला कुणी काही बोललं नाही, पण वाग्नेरच्या बायकोनं तुला घेवड्याची वाटी पाठवणं बंद केलं, जिन्यात लोक तुला पाहून गप्प होऊ लागले. तोंडावर भांडणारी बाई निनावी पत्र कशाला लिहील, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. पानगळीत तू सामान बांधलंस. स्टेशनवर माझा हात धरून म्हणालीस, "हात्सुए, ते मी लिहिलं नव्हतं." मी म्हटलं, "मला माहीत आहे." तुझे डोळे भरून आले. तुला वाटलं, निदान एकीनं तरी विश्वास ठेवला.

साकाए, मला माहीत होतं, कारण ते मी लिहिलं होतं.

त्या उन्हाळ्यात आमचे हे, एइकिची, अंथरुणाला खिळले होते. त्यांना झोप लागावी म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला सांगत आले. तेही खोटं आहे. मी खिडकी लावायला गेले की ते म्हणायचे, "राहू दे उघडी, माणसांचा आवाज बरा वाटतो." सहन होत नव्हतं ते मला. मी वर औषधं मोजत होते आणि खाली माणसं खदखदा हसत होती. बाकं गेल्यावर ते दोन महिने जगले. एकदा विचारलं त्यांनी, "आजकाल खाली कुणी बसत नाही का?" मी म्हटलं, गार वारा सुटलाय.

त्या रविवारच्या सभेत कुणीतरी तुझं नाव घेतलंच. तेव्हा वाग्नेर म्हणाला, "जाऊ द्या. साकाए आजींना आमचा इतका त्रास होत होता, तर आम्ही दार वाजवून विचारायला हवं होतं. चूक आमचीही होती. नवी बाकं येतील त्या दिवशी त्यांना बोलावू, पहिल्यांदा त्यांनाच बसवू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थुईनं पोराचे हात धरून त्यालाही टाळ्या वाजवायला लावल्या. तू न केलेल्या गोष्टीबद्दल सत्तर माणसांनी तुला मोठ्या मनानं माफ केलं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. घरी येऊन चहा ठेवला, पाणी आटून गेलं तरी मला कळलं नाही.

ते आमंत्रण येत्या आठवड्यात तुझ्याकडे येईल. कुराता-साननी स्वतः ब्रशनं लिहिलंय, खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. त्यातले "झालं गेलं विसरून" हे शब्द वाचून तुझ्या मनाचं काय होईल, ते मला इथं बसून दिसतंय. म्हणून हे पत्र आधी. रविवारी पुन्हा सभा आहे. मला पाच मिनिटं हवीत असं मी कुराता-सानना कळवलंय. "काय सूचना आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सूचना नाही, दुरुस्ती आहे." तू ये, असं म्हणायला मला तोंड नाही. मला माफ कर, असंही म्हणत नाही. तुझ्या वाट्याची खोटी माफी मी एकदा ऐकली, तेवढी पुरे. फक्त त्या सत्तर जणांच्या आधी तुला कळावं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

तू म्हणू दिलंस तर तुझीच,
हात्सुए