सहीचा अधिकार

१२ जानेवारी

आईस, तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

आज कचेरीत गेलो, वेळेवर जेवलो. काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

मृत्यूचे दाखले पूर्वी राजधानीहून यायचे, महिना लागायचा. आता तो अधिकार इथल्या नगरपालिकेकडे, म्हणजे माझ्याच टेबलावर आला आहे. लोक दुवा देतात.

तुझ्या सुनेचा दाखला मात्र तीन आठवडे पडून होता. दुसऱ्या कुणाची सही चालत नाही. आज शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, लोकांना पाच मिनिटांत देता आणि स्वतःलाच खेटे घालायला लावता?"

पूर्वीची दिरंगाई बरी होती, आई. महिनाभर तरी तुझी सून कागदावर जिवंत राहिली असती.

सही केली. दाखला मिळाल्याची पोचही मीच लिहिली.

गुडघ्यांना तेल लावत जा. आता डबा घासायला उठतो.

तुझा धाकटा