आक्काची पाटी माझ्यामागे चालू राहावी म्हणून

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सेहेचाळीस, धंद्याने संगणक-दुरुस्तीवाली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कुणाच्या दडपणाखाली नव्हे, आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा पुरावा वकीलबाईंनी मागितला नाही. माझ्या मोठ्या बहिणीने, आक्काने मागितला. "पित्ताशयातले चार खडे काढायला कुणी मृत्युपत्र करतं का गं?" असे ती म्हणाली. डॉक्टरही म्हणाले की तिसऱ्या दिवशी घरी. दोघांचेही मला पटते. पण मशीन उघडण्याआधी बॅकअप घ्या, असे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, आणि आता मीच उघडली जाणार आहे.

तीन आठवड्यांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. ते कायद्याने निर्दोष होते. चाचणीत नापास झाले. कसे, ते कलम चारमध्ये येईल. ज्याला घाई असेल त्याने थेट तिकडे जावे. (ज्याला घाई असते तो माझा धाकटा भाऊ. त्याचे घरातले नावच 'घाई' आहे. प्रश्न पुरता वाचण्याआधी तो 'हो'चे बटण दाबतो.)

कलम एक. माझे दोन खोल्यांचे घर घाईला. आक्काला आधी विचारले होते. ती म्हणाली, "तुझ्या घरातला एकही कोपरा मला पाठ नाही. इथं छापखान्याच्या माडीवर माझं काम नि बिऱ्हाड, प्रत्येक टेबल माझ्या गुडघ्याला ओळखतं." तेव्हा घर घाईला. मात्र खिडकीशी असलेली माझी खुर्ची आक्काकडे जावी. तिचा एक पाय आखूड आहे. खाली पुठ्ठ्याची घडी ठेवली आहे, ती फेकू नये.

कलम दोन. बँकेत जे असेल ते दोघांना निम्मे निम्मे. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही, याचा मला आनंद आहे.

कलम तीन. हत्यारे. स्क्रू-ड्रायव्हरांचा संच, चिमटे, भिंग आणि पितळी ब्रश छापखान्यातल्या बाइंडरबाईंना देणार होते, कारण गेली कित्येक वर्षे ते न सांगता त्याच वापरतात. पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत, आणि वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये. म्हणून हत्यारेही घाईला. त्याने ती बाइंडरबाईंच्या हाताला लागतील अशा जागी ठेवून विसरून जावे. विसरणे त्याला जमते. केबलींचे खोके मात्र कुणीही आवरू नये. त्यातल्या तीन केबली कशाच्या आहेत हे मलाही ठाऊक नाही. फेकाल त्याच्या दुसऱ्या दिवशी लागतील.

कलम चार. पाटी. हे मृत्युपत्र खरे तर एवढ्यासाठीच आहे.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून दिसत नाही. लहानपणी तिची शाळेची पुस्तके मी वाचून दाखवायचे, आणि बदल्यात ती माझी गणिते तोंडी सोडवायची. एकदा कंटाळून मी भूगोलाचा अर्धा धडा गाळला. परीक्षेत नेमका तोच आला. छत्तीस वर्षे झाली, अजूनही मी काही लपवले की ती एवढेच म्हणते, "अर्धा धडा?"

आज ती छापखान्यात ब्रेल पुस्तकांचे मुद्रितशोधन करते. छापायला जाण्याआधी प्रत्येक ओळ तिच्या बोटांखालून जाते. संगणकाच्या पुढ्यात एक लांबट पाटी असते. पडद्यावर जी ओळ असेल ती पाटीवर बारीक ठिपक्यांनी वर येते, आणि आक्का वाचते. मोठ्याने बोलून दाखवणारा प्रोग्रॅमही असतो. त्याला ती 'बडबड्या' म्हणते. "बडबड्याला वेलांटी पहिली की दुसरी ते कळत नाही, आणि माझं पोट वेलांटीवर चालतं." म्हणजे पाटी बंद, तर आक्काचे काम बंद.

ही पाटी बारा वर्षांपूर्वी जुनीच मिळाली. बनवणारी कंपनी तेव्हाच मिटली होती. सोबत आलेला ड्रायव्हर भलत्याच प्रणालीचा होता. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि उपकरण यांच्यातला दुभाषी. तो नसला तर दोघे एकमेकांसमोर मुकाट बसून राहतात. छापखान्यातले संगणक खुल्या प्रणालीवर चालतात. तिचा गाभा, ज्याला आम्ही कर्नेल म्हणतो, कुणालाही उघडून वाचता येतो, सुधारता येतो. त्यात या पाटीचा दुभाषी नव्हता, म्हणून मी लिहायला घेतला. दुसऱ्या एका मशीनला पाटी जोडून तारेतून काय जाते, काय येते, ते अकरा आठवडे टिपत बसले. बाराव्या आठवड्यात पहिली ओळ उमटली. आक्काने बोटे फिरवली. "दोन चुका आहेत," ती म्हणाली, आणि मग भिंतीकडे तोंड करून तिने बराच वेळ नाक पुसले.

पण माझा दुभाषी गाभ्याचा भाग नाही. तो बाहेरून बसवलेला पाहुणा आहे. गाभ्याची नवी आवृत्ती आली की तो निरुपयोगी होतो, पाटी सपाट पडते, आणि तो नव्याने बांधावा लागतो. शिवाय छापखान्याच्या नियमाप्रमाणे सही नसलेला कोणताही पाहुणा गाभ्यात शिरू शकत नाही. ही सही करणारी किल्ली म्हणजे संगणकावरची एक छोटी फाइल. गेली बारा वर्षे हे असे चालले: आक्काचा फोन येतो, "झाली गं सपाट." मी वीस मिनिटे चालत जाते, अर्ध्या तासात पाटी उठवते, आणि तीन तास गप्पा मारून परत येते. बहुतेक वेळा गुरुवारी, कारण गुरुवारी माझे दुकान बंद असते. हा योगायोग मी कधी तपासला नाही.

पहिल्या मृत्युपत्रात मी पाटीची देखभाल घाईच्या नावे केली होती. सोबत चौदा पानांची वही, पायरी पायरीने लिहिलेली. वकीलबाई खूश झाल्या. पण न चालवलेल्या कोडवर माझा विश्वास नसतो. म्हणून मागच्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी आक्काच्या संगणकावर मुद्दाम नवी आवृत्ती चढवली, पाटी सपाट पाडली, घाईच्या हातात वही दिली, आणि सांगितले, "मी आता मेले आहे. मला काही विचारायचं नाही." मग कोपऱ्यात जाऊन हात मांडीखाली घेऊन बसले.

घाईने पहिली तीन पाने एका दमात उलटली. मला राहवले नाही.

"मेलेली माणसं उसासे टाकत नाहीत," आक्का म्हणाली.

पण दुभाषी बांधला गेला. घाईने विजयाने बटण दाबले, आणि पडद्यावर आले: किल्ली नामंजूर.

"ताई, किल्ली कुठंय?"

मी हात मांडीखाली आणखी आत सरकवले.

"अगं ताई, किल्ली!"

"तिला कशाला विचारतोस? ती गेली," आक्का म्हणाली. "वहीत बघ."

वहीत नव्हती. किल्ली माझ्या लॅपटॉपवर होती, तिचा परवलीचा शब्द माझ्या डोक्यात होता, आणि त्याच मृत्युपत्राच्या पाचव्या कलमात मी ठणकावून लिहिले होते की माझ्या लॅपटॉपची डिस्क कुणीही न उघडता कायमची पुसावी. म्हणजे माझी शेवटची इच्छा तंतोतंत पाळली असती, तर आक्काची पाटी कायमची मेली असती. स्वतःच्या मशीनवर चालते म्हणून सगळीकडे चालेल असे समजणाऱ्यांना मी जन्मभर हसले.

मी जिवंत झाले आणि हे सगळे कबूल केले. आक्का शांतपणे म्हणाली, "अर्धा धडा." मग हात पुढे करून, "बघू ती वही."

मी वही दिली. तिने पानावरून बोटे फिरवली. निळ्या शाईची, माझ्या सुवाच्य अक्षरातली चौदा गुळगुळीत पाने.

"माझ्या पाटीची वही," ती म्हणाली, "आणि ती अख्ख्या घरात मला एकटीलाच वाचता येत नाही. शाब्बास हो!"

घाई हसायला लागला. मला हसू येईना. मी काही म्हणण्याआधी तिने घाईला खुर्चीवरून उठवले, संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि वाट पाहत बसली. टिक् असा बारीक आवाज आला. तो मीच बसवला होता, निवडीची यादी आल्याची खूण म्हणून. तिने खालचा बाण एकदा दाबला, एंटर, मग खालचा बाण दोनदा, एंटर. संगणक जुन्या गाभ्यावर सुरू झाला, जिथे माझा दुभाषी अजून ठीक होता. पाटीवर ठिपके सळसळत वर आले.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तूच. बारा वर्षं माझ्या कानाशी बसून बटणं दाबतेस. मोजता येतात मला."

"मग फोन कशाला करायचीस?"

ती पाटीवरची ओळ वाचत असल्याचे सोंग करत राहिली. तिथे ओळ नव्हतीच, नुसती तारीख होती.

"तू यायचीस ना," ती म्हणाली. मग तारखेवरून पुन्हा बोट फिरवत: "नवी आवृत्ती घेऊ का, असं ते विचारतं. मी 'हो' म्हणायचे. बुधवारी."

घाई म्हणाला, "आणि घाई मला म्हणतात!"

आता माझा कबुलीजबाब, कारण मृत्युपत्रात तरी अर्धा धडा नको. नवी आवृत्ती आली की दुभाषी आपोआप बांधला जावा, अशी सोय करता येते. एका दुपारचे काम. मला ते बारा वर्षे माहीत होते. आक्काला त्रास नको म्हणून सगळे मीच करते, असे मी लोकांना आणि स्वतःला सांगत आले. खरे हे की तो फोन मला हवा होता. कुणाला तरी माझ्यावाचून वाचता येत नाही, या गोष्टीची मला लहानपणीच सवय लागली असावी.

म्हणून मी असे ठरवते: पाटीची देखभाल आक्काच्या नावे. वही ब्रेलमध्ये उतरवून एकतीस पाने झाली आहेत. त्यात आक्काने माझ्या एकोणीस चुका काढल्या. आपोआप बांधण्याची सोय मी केली आहे. नवी किल्ली आक्काची स्वतःची आहे. ती नोंदवताना एकदाच एक निळा पडदा येतो, जो पाटीवर उमटत नाही. माझ्यावाचून जमते का ते पाहायचे होते, म्हणून तो खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याने वर येऊन वाचून दाखवला. किल्लीचा परवलीचा शब्द आक्काने मला सांगितला नाही. शहाणी आहे.

कलम पाच. लॅपटॉपची डिस्क आता खुशाल पुसावी. त्यात कवितांसारखे काही सापडल्यास तेही.

कलम सहा. राग. माझ्याकडे मोठा असा एकच राग आहे, सात वर्षे जपलेला. गाभ्याच्या ज्या भागात पाट्यांचे दुभाषी बसतात तो भाग सांभाळणारा एक गृहस्थ आहे. कुठल्या तरी दूरच्या गावी राहतो, कधी भेटलो नाही. मी त्याला 'खडूस' म्हणते. माझा दुभाषी मूळ गाभ्यातच घ्यावा म्हणून मी त्याला तीनदा पाठवला. तसे झाले असते तर वेगळी किल्ली, वेगळी बांधणी, काहीच लागले नसते. पहिल्यांदा त्याने समासातल्या मोकळ्या जागांवरून परत केला. दुसऱ्यांदा लांबलचक आहे म्हणून. तिसऱ्यांदा लिहिले: "वापरणारी एक, सांभाळणारी एक. उद्या तुम्ही नसलात तर याला कोण बघणार?" मी उत्तर दिले की माझ्या मरणाची काळजी आपण करू नये. आणि दार आपटून निघून आले.

हे मृत्युपत्र दुसऱ्यांदा लिहायला बसले तेव्हा लक्षात आले की मी नेमके त्याच्याच प्रश्नाचे उत्तर लिहीत आहे. वकीलबाईंनी विचारला तेव्हा तोच प्रश्न मला समंजस वाटला होता.

मी चौथ्यांदा पाठवला. मोकळ्या जागा नीट केल्या, दोन तुकडे केले, आणि 'सांभाळणार' या रकान्यात दोन नावे घातली. परवा त्याचे एका ओळीचे पत्र आले: दुसऱ्या नावाच्या व्यक्तीने स्वतः होकार कळवावा. मी मसुदा करायला बसले, तर आक्काने मला खुर्चीवरून उठवले. पाटीवर बोटे ठेवून तिने लिहिले:

"मी बघणार आहे. बहीण असली तरी, आणि नसली तरी."

काल उत्तर आले. "घेतला. तिसऱ्या फाइलमध्ये एक मोकळी जागा अजून जास्त आहे."

तेव्हा माझा राग मी कुणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबरच संपावा. ती जास्तीची जागा आक्का काढणार आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी, त्यांना वेळ नसेल तर घाईने, सावकाश. आक्काची पाटी आता माझ्यावाचून चालते, हे मी स्वतः पाहून लिहीत आहे. आज सकाळी तिचा फोन आला होता. "काही बिघडलं नाहीये," ती म्हणाली, "तरी ये." म्हणून हा कागद तिच्या टेबलाशी बसून पुरा केला. ऑपरेशन सोमवारी. पुढच्या गुरुवारी मी इथेच असेन. नसले, तर खुर्ची इथे असेल.

वरील सर्व मजकूर कागदावर छापण्याआधी आक्काने पाटीवर वाचला. एक वेलांटी बदलली. बाकी बरोबर आहे म्हणाली.

ठिकाण: छापखान्याची माडी, आक्काचे टेबल, खिडकीकडची बाजू
दिनांक: गुरुवार, बारा मार्च दोन हजार सव्वीस

सही: मृत्युपत्र करणारी

आम्हा दोघांसमोर, हसत हसत पण पूर्ण शुद्धीत, हिने सही केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला (सही)
साक्षीदार दुसरी: छापखान्यातली बाइंडर (सही, पितळी ब्रश उद्या परत आणून देते)