माझ्या पगारावर बाबांचं नाव

९ ऑक्टो. २०२०, शुक्र. ट्रली, आयर्लंड
नर्सिंग होमच्या किचनमधला पहिला पगार. जवळजवळ निम्मा गायब! पावतीवर लिहिलंय ‘इमर्जन्सी टॅक्स’. बटाटे सोलण्यात कसली आलीये इमर्जन्सी? कॉलेज सांभाळून एवढंसं कमावणाऱ्याला टॅक्स लागतच नाही म्हणे. किचनची मुख्य नोरीन म्हणाली, "यू आर ग्रँड, वसंत. सुटेल आपोआप."
ड्यूटीच्या तक्त्यावरही ‘वसंत’च. देशपांडे जिभेला जड जात असेल. बाबांच्या नावाने दिवसभर हाका, बरं वाटतं ऐकायला.

२३ ऑक्टो., शुक्र.
परत कापला. लॉकडाऊनही परत. टॅक्स ऑफिस बंद, फक्त फोन. त्यावर होल्डला वाजणारी ती बासरी. डोकं उठलं. शेवटी एक बाई आली: "मालकाला विचार." पेरोलवाला म्हणतो, टॅक्सवाल्यांना विचार. टोलवाटोलवी काय, सगळीकडे सारखीच.

८ नोव्हें., रवि.
बाबांचा फोन. फेब्रु.मध्ये फीचा दुसरा हप्ता. "एफडी मोडतो, त्यात काय एवढं?" मी ओरडलेच, "अजिबात नाही! पगारातून भरेन मी." रिटायरमेंटचे तेवढेच आहेत त्यांच्याकडे.

४ डिसें., शुक्र.
सापडलं!! पेरोलवाल्याने वैतागून माझाच नोकरीचा फॉर्म पुढे टाकला. शाळेपासूनच्या सवयीने एका ओळीत लिहिलंय: देशपांडे मानसी वसंत. यांनी शेवटचं ते आडनाव धरलं. टॅक्सच्या नोंदीत मी देशपांडे, पगारात वसंत. जुळणार कसं, कपाळ? नोंद जुळली नाही की सरसकट जास्त कापतात, तोच हा इमर्जन्सी टॅक्स. आणि ही बया इतके दिवस खुशाल ‘वसंत’ला ओ देत होती. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. दुरुस्तीचा अर्ज केला.
नोरीन म्हणे, "म्हणजे तू वसंत नाहीसच?" तिलाच वाईट वाटलं.

१५ जाने. २०२१, शुक्र.
पगार आता नीट येतोय. पण मागचं? ‘वर्ष उलटलं, वेगळा क्लेम करा.’ केला. पुन्हा बासरी. बाबा विचारतात, मी ठोकून देते, "आलेच समजा."

१२ फेब्रु., शुक्र.
आला! चेक! पाकीट जिन्यातच फाडलं.
मानसी वसंत.
गेल्या वर्षीच्या पगाराच्या नोंदीत अजून तेच नाव. खातं देशपांडेचं. बँकेतली बाई म्हणाली, "सॉरी, लव्ह, हा तुझा नाही." फीची मुदत सोमवारी. घरी येऊन ढसाढसा रडले. संताप, दुसरं काही नाही.
बाबांना शेवटी सगळं सांगितलं. ते हसतच सुटले. "माझ्या नावाचा आहे ना? मग मीच येतो वटवायला!" मीही हसले. इथे यायचं सोडा, कोरोनाच्या धास्तीने त्यांना सध्या गल्लीबाहेर पडायची चोरी.
चेक घरच्या किचनच्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) ठेवलाय, पोह्यांच्या डब्याखाली. सोमवारी सकाळी टॅक्सवाल्यांना परत फोन करायचा, उचलला तर...
फोन ठेवता ठेवता बाबा हळूच म्हणाले, "मनू, मोडू ना गं एफडी?"
या वेळी मी नको म्हटलं नाही. हो पण नाही म्हटलं.