चाळीस हा आकडा आणि माझी उंची

प्रिय वन्संना,

वाकून नमस्कार. (वाकताना चक्कर येत नाही, हीच या आठवड्यातली चांगली बातमी.) तुमची तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो, शेजारीण अजून तुमच्याच दोरीवर कपडे वाळत घालते का, हे सगळं सविस्तर कळवा. इकडे तुमचे धाकटे बंधू खुशाल आहेत. मी खुशाल नव्हते. त्याचीच ही हकिकत.

आमच्या पोस्टाच्या पार्सल ऑफिसात दरवर्षी तब्येतीची तपासणी होते. नर्सबाईंनी वजन, उंची घेतली, कारकुनानं कागदावर उतरवली आणि खाली बीएमआय म्हणून आकडा आला, चाळीस. मला वाटलं शंभरपैकी चाळीस, म्हणजे काठावर का होईना, पास. घरी कागद तुमच्या बंधूंना दाखवला. ते गणिताचे मास्तर, त्यामुळे लगेच पेन घेऊन बसले. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, असं त्यांनी तीनदा केलं आणि तिन्ही वेळा उत्तर बरोबर आल्याचा त्यांना आनंद झाला. मग पंचवीसच्या वर जास्त आणि तीसच्या वर फारच जास्त असतं हे वाचल्यावर चेहरा पडला. वीस वर्षं रोज मला बघणारा माणूस, वन्सं, कागद बघून घाबरला.

दुसऱ्या दिवसापासून मला काकडी आणि गरम पाणी. ऑफिसात जाता-येता मी पार्सलच्या काट्यावर उभी राहायचे. तिथले काका चाळीस वर्षांच्या नोकरीतले, वजन केलं की हात आपोआप चिठ्ठीकडे जातो. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलता बोलता माझ्या पाठीवर 'नाजूक माल, आदळू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. मला पत्ता नाही. मी तशीच बाजारातून घरी गेले. लोक इतक्या अदबीनं वाट देत होते की वाटलं, तीन दिवसांत फरक दिसायला लागला. घरी तुमच्या बंधूंनी चिठ्ठी वाचली आणि काढायच्या आधी विचारात पडले, हे मी विसरणार नाही.

चौथ्या दिवशी वरच्या फळीवरचा खोका काढायला शिडीवर चढले, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी खाली आले. देवाची कृपा की खाली कुणाची तरी पार्सलसाठी बुक झालेली गादी होती. (गादीला काही झालं नाही. पत्ता जरा फाटला.) काकांनी हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कागद बघितला, मला बघितलं, पुन्हा कागद बघितला आणि मला भिंतीला टेकून उभं केलं.

"बासष्ट किलो बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमची उंची एकशे बावन्न. इथे एकशे पंचवीस लिहिलंय."

कारकुनानं दोन आकड्यांची अदलाबदल केली होती. एकशे पंचवीस म्हणजे, वन्सं, काउंटरपलीकडे मला गिऱ्हाईकाच्या टोपीशिवाय काही दिसलं नसतं. खरा आकडा सत्तावीसच्या आतबाहेर. मी आनंदानं टाळी वाजवणार होते, पण बाई म्हणाल्या की साधारण साडेअठरा ते पंचवीसमध्ये असावं, म्हणजे थोडं उतरवायचंच आहे, पण उपाशी राहून नाही. नीट जेवा, रोज चाला, कमरेचा घेरही मोजा, कारण या आकड्याला चरबी कुठली आणि खोकी उचलून कमावलेले दंड कुठले, ते कळत नाही. दंडाचं ऐकून मी बाही वर केली. त्यांनी बघितले नाहीत.

तर आता आम्ही दोघं संध्याकाळी चालतो. तुमचे बंधू पावलं मोजतात आणि मी बोलले की चुकतात, मग पहिल्यापासून. व्यायाम भरपूर होतो.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. काकडीच्या दिवसांत, महिन्याभरात मी काडी होणार म्हणून, माझे चार ड्रेस आणि गुलाबी स्वेटर खोक्यात भरून तुम्हाला पाठवले होते. मिळाले असतील. कृपा करून परत पाठवा, मी सध्या तुमच्या बंधूंच्या शर्टात ऑफिसला जाते.

ता. क. दुसरं. खोका पाठवताना वाटलं होतं की त्या स्वेटरमध्ये तुम्ही दोनदा मावाल, आणि हसू आलं होतं. आज ते हसू आलं नाही. गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही ऐटीत सांगितलंत, बेचाळीस किलो. तुमची उंची बंधूंना विचारली, एकशे साठ. मी गणित केलं, त्यांनी तपासलं, सोळा आणि थोडं. साडेअठराच्या खालचंही वाईटच, हाडं ठिसूळ होतात, थकवा येतो, असं बाई म्हणाल्या. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसले होते, पण सुरुवात जमेना. मंगळवारी रजा टाकली आहे. तुम्हाला न्यायला येते, आपण दोघी बाईंकडे जाऊ. नको म्हणून पत्र पाठवू नका, ते आमच्याच ऑफिसात येतं आणि मी ते उघडणार नाही.