घोड्याचं नाव आहे

२२ ऑक्टो. ९८, गुरु.
इथे आखातात ह्यांच्या हॉटेलात पुढच्या आठवड्यात बेल्जमचा बिअर-सप्ताह. हे बँक्वेट कॅप्टन, मेजवान्या ह्यांच्याकडे, म्हणून तिथून येणाऱ्या मालकांसमोर त्यांच्या बिअरच्या कारखान्याचा इतिहास ह्यांनीच वाचायचा. इतिहासाचं इंग्रजी कार्ड घरी आणून घोकतायत. स्मिताकडून अर्थ लावून घेतला. पाच पिढ्या, बापामागून लेक. मध्ये एकच ओळ: मालक वारले, पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने तांब्याच्या कढया उपटून नेल्या, मुलगा जाणता होईस्तोवर 'त्यांच्या विधवेने' कारखाना चालवला. नाव नाही! खाली पिंपं ओढणाऱ्या घोड्याचं आहे. बेला.
स्मिता म्हणते, "ममी, इट्स ओन्ली अ कार्ड."
ओन्ली म्हणे.

२५, रवि.
ह्यांना म्हटलं, मालकांना तिचं नाव विचारा. "पाहुण्याला असलं विचारतात? डिसेंबरात काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय माझं. खलास, हा विषय बंद." मी मोरीकडे वळले. भांडी तेवढी बोलली.

२९, गुरु.
सप्ताहाचं जेवण. बायकामुलांनाही बोलावणं होतं. ह्यांनी झकास वाचलं. घोड्यापाशी टाळ्या पडल्या! मालक आमच्या टेबलाशी आले, "मिसेस फ्रान्सिस, हाऊ आर यू?" स्मिताला चिमटा काढला, विचार. विचारलं पोरीने: तुमच्या पणजीचं नाव काय?
मालक हसले. सगळे तिला मादामच म्हणायचे, नाव आत्याला ठाऊक असेल, विचारतो. मागे मॅनेजर उभा. ह्यांचा चेहरा पांढराफटक. दार्सैतला घरी येईस्तोवर टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले.

३०, शुक्र.
मिस्सा. नोव्हेंबर मृतांचा महिना, फादर मिस्सात वाचतात ती आपल्या मृतांची नावं द्यायची. सासू-सासऱ्यांची दिली, बाबांचं दिलं. मग कार्डावरच्या त्या विधवेसाठी. चर्चातले डिसोझाकाका वहीत लिहून घेत होते.
"नाव?"
"ठाऊक नाही. बिअरच्या कारखान्याची मालकीण होती."
"अगो, चर्चात बिअर?"
"काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला तो चालतो ना, काका?"
मागची रांग हसली. काका नाही हसले. "नावाशिवाय फादर वाचतील काय?" शेवटी नुसती रेघ ओढली, जागा सोडली. नाव मिळालं तर आणून दे म्हणाले.

४ नोव्हें., बुध.
ह्यांचा अबोला चालूच. आज मॅनेजरने बोलावलं होतं. चहा देताना विचारलं, "काँट्रॅक्ट?"
"इन्शाल्ला."
"आणि बेल्जमहून नाव?"
कप ठेवून उठून गेले.
परवा शुक्रवारी मिस्सात फादर नावं वाचणार. घोडा पाठ आहे सगळ्यांना! त्या रेघेवरून फादर तसेच पुढे गेले तर काय करायचं, ठरवलेलं नाही. बाकावर बसून मात्र राहणार नाही.